सहलीचं घड्याळ बदला, समुद्र दिसेल: सीमाभागातल्या मराठी शाळांना खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, सहलप्रमुख शिक्षक आणि एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसरातील मराठी शाळा

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की शाळाशाळांतून सहलीची पत्रकं निघतात. किनाऱ्याकडे जाणाऱ्या सहलीच्या पत्रकात अलीकडे एक ओळ हमखास असते, 'बोटीने समुद्रात डॉल्फिन दर्शन'. एखाद्या पत्रकात 'देवमासा' हा शब्दही असतो. घाटमाथ्यावरच्या मुलांना समुद्र दाखवावा ही ओढ अगदी योग्य आहे. बेळगाव आणि कारवार ही नावं आपल्याकडे एका दमात घेतली जातात, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा चिकोडीच्या उसाच्या गावातल्या कित्येक मुलांनी कारवारचा समुद्र एकदाही पाहिलेला नसतो. त्यांची पहिली भेट चांगली व्हावी म्हणून हे पत्र.

आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. सहलीचं घड्याळ बदला, आणि बोटवाल्याला पैसे देण्याची अट बदला.

आधी घड्याळाचं. आजची सहल साधारण अशी चालते. गाडी पहाटे चारला सुटते. खानापूर, रामनगर करत अणशी घाट उतरते. निम्म्या मुलांना घाटात उलट्या होतात. दहा-अकराला कारवार येतं. मग आयएनएस चपळ ही युद्धनौका, मत्स्यालय, टागोर किनाऱ्यावर जेवण, आणि दुपारी दोन-तीनला बोट. डॉल्फिन किंवा देवमासा पाहायला दिवसातली याहून वाईट वेळ नाही. त्याची कारणं तुमच्याच भूगोलाच्या पुस्तकात आहेत.

रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळ पाण्याला उठवत नाही, त्यामुळे सकाळी सात ते दहा पाणी तेल ओतल्यासारखं सपाट राहतं. जमीन तापली की अकराच्या सुमारास वारा फिरतो आणि खारा वारा समुद्राकडून यायला लागतो. दुपारी दोनपर्यंत लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसू लागतो. फेस दिसू लागला की पाहण्याचं काम जवळपास संपलंच समजा. डॉल्फिनचा पाठीवरचा पर एक-दोन सेकंदच वर येतो आणि तेवढ्यात शंभर ठिकाणी फेस चमकतो. डोळा फसतो, मुलं 'ते बघ, ते बघ' ओरडतात आणि शेवटी कुणीच काही पाहिलेलं नसतं.

दुसरं कारण उन्हाचं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीमागे, सह्याद्रीवर असतो आणि समोरचं पाणी उजळलेलं दिसतं. पर, पाठ, शिंतोडा, सगळं रंगासकट कळतं. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि पाण्यावर पत्र्यासारखी चकाकी पसरते. त्या चकाकीत दुर्बीण लावणं मुलांच्या डोळ्यांना धोक्याचंही आहे. कुठल्याही वेळी दुर्बीण सूर्याकडे वळणार नाही हे शिक्षकांनी पाहायलाच हवं.

म्हणून गाडी आदल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सोडा. घाट दिवसाउजेडी उतरेल. चार-पाच तासांत मुलं कारवारला पोहोचतील, रात्री झोपतील, आणि सकाळी पावणेसातला उंचावर उभी असतील. मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरं आहे. तो जड जात असेल तर मत्स्यालय आणि बोट दोन्ही वगळा, पण सकाळ सोडू नका. निपाणीकडच्या शाळा आजरा-आंबोलीमार्गे आणि बेळगावच्या शाळा वेंगुर्ला रस्त्याने सावंतवाडीला उतरून मालवणला जातात. त्यांनाही हेच घड्याळ लागू आहे, कारण किनारा तोच आणि वारा तोच.

आता उभं कुठे राहायचं. कारवारला काळी नदीच्या मुखाशी, पुलाच्या उत्तरेला सदाशिवगडाची टेकडी आहे. तिच्यावरून नदीचं मुख, देवबागची वाळू, समोरची बेटं आणि उघडा समुद्र एका नजरेत येतो. वाळूत उभं राहण्यापेक्षा टेकडी चांगली का, ते मुलांकडून गणितातच काढून घ्या. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ ने गुणायचं. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. वाळूत उभ्या मुलाचा डोळा दीड मीटरवर धरला तर क्षितिज जेमतेम ४.४ किलोमीटरवर येतं. पन्नास मीटर उंचीवरून तेच २५ किलोमीटरवर जातं. अर्थात २५ किलोमीटरवरचा डॉल्फिन दिसणार नाही. साध्या दुर्बिणीतून एक-दोन किलोमीटरपर्यंतचेच ओळखता येतात. उंचीचा खरा फायदा वेगळा आहे. खालून पाहताना दोन लाटांमधल्या खळग्यात आलेलं जनावर समोरच्या लाटेआड जातं, वरून पाहताना तो खळगाच उघडा पडतो.

मालवणला किनाऱ्यालगतची एखादी उंच जागा निवडा किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट. मात्र किल्ल्यावर जायला बोट लागते आणि ती सकाळी किती वाजता सुरू होते हे आधी विचारून ठेवा. कुठेही असाल तरी कड्याच्या टोकापासून आणि तटाच्या कठड्यापासून दोन मीटर मागे दोरी धरून मुलांना बसवा. दुर्बीण डोळ्याला लावलेल्या मुलाला पायाखालचं दिसत नाही. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, त्यामुळे ड्रोन आणू नका आणि त्या बाजूचे फोटो काढू नका.

दुर्बीण ८×४२ किंवा ७×५० असावी. पहिला आकडा चित्र किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १२ पट, २० पट पुढे करतो, ती घेऊ नका. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. समुद्रात शोधायला रुंद पट्टा लागतो. चाळीस मुलांना आठ दुर्बिणी पुरतात, पाच जणांत एक. एक दुर्बिणीतून पाहतो, एक उघड्या डोळ्यांनी, एक वेळ सांगतो, एक लिहितो, एक विश्रांती घेतो. दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. आधी उघड्या डोळ्यांनी शोधायचं आणि मगच दुर्बीण लावायची, हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं. दुर्बीण हातात आली की ती लावूनच समुद्र पिंजायचा मोह होतो आणि मग शेजारी उडालेला शिंतोडाही निसटतो.

समुद्राचे घड्याळासारखे भाग पाडा. समोर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. 'तिकडे, तिकडे' म्हणण्याऐवजी 'दहा वाजता, क्षितिजाच्या खाली दोन बोटं' असं म्हणायला शिकवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते आणि एक बोट साधारण दोन अंश. वीस मिनिटं पाहायचं, दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. त्या दहा मिनिटांत गप्प बसण्याचाही फायदा आहे. वारा पडलेला असला आणि तुम्ही पाण्याजवळ असाल तर डॉल्फिनचा श्वास आधी ऐकू येतो आणि मग तो दिसतो. प्रेशर कुकरची शिट्टी हलकेच उचलल्यावर येतो तसा तुटक, भरीव 'फुस्'.

काय दिसेल याबद्दल खरं बोलूया, कारण पत्रकातला खोटेपणा इथेच सुरू होतो. कारवार-मालवण किनाऱ्यालगत दिसण्याची खरी शक्यता आहे ती हम्पबॅक डॉल्फिनची. हा किनाऱ्याचा प्राणी. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, नद्यांच्या मुखांजवळ राहतो, म्हणून काळीचं मुख त्याची आवडती जागा. पूर्ण वाढलेला अडीच मीटरच्या आसपास भरतो. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर, हीच त्याची खूण. वर येताना आधी लांब चोच तिरपी बाहेर येते, मग कपाळ, मग उंचवटा, मग पर. पाठ कमानीसारखी वाकते आणि कधीकधी शेवटी शेपटी उचलून तो खोल जातो. शेपटी उचलली की पुढची तीन-चार मिनिटं तो दिसणार नाही असं समजा. जागतिक यादीत हा प्राणी संकटग्रस्त आहे. मादीला साधारण तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं. म्हणजे एका कळपातली दोन पिल्लं गेली तर ती भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब सातवीतलं मूलही करू शकतं.

दुसरा आहे फिनलेस पॉरपॉइज. याच्या पाठीवर पर नसतोच आणि चोचही नसते. दीड मीटरच्या आसपासचा, करडा, न उसळणारा. गोटा उलटावा तसा पाण्यावर गोल फिरतो आणि जातो. आरशासारख्या पाण्यातच दिसतो, म्हणून दुपारच्या सहलीला तो कधीच भेटत नाही.

देवमासे किनाऱ्यापासून बहुधा दूर असतात आणि टेकडीवरून दिसले तर ते त्या मुलांचं मोठं भाग्य. पण ते आपल्या समुद्रात आहेत, हे मुलांना ठामपणे सांगा. ब्रायडीचा देवमासा बारा-चौदा मीटरचा असतो आणि त्याच्या डोक्यावर तीन समांतर कंगोरे असतात. सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर २०१५ साली निळ्या देवमाशाची नोंद झाली. गोव्याच्या समुद्रात २०१७ साली पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांवर हम्पबॅक देवमाशाचं गाणं नोंदलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओमानच्या किनाऱ्यावर 'लुबान' नावाच्या हम्पबॅक मादीला उपग्रहाशी जोडलेला टॅग लावला होता. ती अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, दक्षिणेच्या टोकाकडे गेली आणि परत फिरली. जगातले बाकीचे हम्पबॅक देवमासे दरवर्षी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात, अरबी समुद्रातला हा कळप मात्र इथेच राहतो. ओमानजवळच्या पाण्यात त्यांची संख्या शंभराहूनही कमी मानली जाते. नकाशावर ओमानपासून कारवारपर्यंत दोरा लावून मुलांना ते अंतर मोजू द्या.

दूरवरून देवमासा ओळखायचा तो त्याच्या श्वासावरून. क्षितिजापुढे पांढऱ्या वाफेचा खांब उभा राहतो आणि वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकत विरतो. लाट फुटते तेव्हा पाणी पसरतं, खांब होत नाही. निळ्या देवमाशाचा खांब नऊ मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळपास तीन मजले. त्यामागून लांबच लांब पाठ सरकत राहते आणि अगदी शेवटी एवढासा पर दिसतो.

फसवणाऱ्या गोष्टीही आधीच सांगून ठेवा. जाळ्याला बांधलेले काळे डबे आणि थर्माकोलचे तुकडे जागेवरच वरखाली होतात, पुढे सरकत नाहीत. पाणकावळा मान वर काढून पोहतो तेव्हा हुबेहूब परासारखा दिसतो, मात्र त्याची मान वळते. कासवाचं डोकं वर येऊन काही सेकंद तसंच राहतं. उलट सुरय आणि कुरव हे पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात मुसंडी मारत असतील तर तिथे तारली माशांचा थवा आहे, आणि त्याखाली डॉल्फिन असण्याची चांगली शक्यता आहे. पक्षी सापडले की दहा मिनिटं नजर हलवू नका.

भरती-ओहोटीचाही अंदाज बांधता येतो. कोकणातला जुना ठोकताळा असा, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हा ठोकताळा ढोबळ आहे आणि दक्षिणेला कारवारकडे भरती मुंबईपेक्षा लवकर येते, म्हणून जाण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहाच. नदीच्या मुखाशी पाणी आत-बाहेर वाहत असताना मासळी हलते आणि डॉल्फिनही हलतात. पाणी थबकलेलं असतं त्या अर्ध्या तासात बहुधा काही घडत नाही.

सकाळी दहाला टेकडी उतरा आणि मुलांना हाडं दाखवायला न्या. निसर्ग केंद्र म्हटलं की आपण चित्रफलक आणि काचेच्या पेट्या धरून चालतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. शाळेच्या पत्रावर महिनाभर आधी विचारलंत आणि मुलांची संख्या व इयत्ता कळवलीत तर कुणी जाणकार मुलांशी बोलू शकेल का, हे समजतं. आयत्या वेळी साठ मुलं दारात उभी केली तर नकारच मिळणार, आणि तो रास्त आहे.

देवमाशाचा सांगाडा, हाड किंवा नुसतं चांगलं चित्र समोर असेल तर तीन गोष्टी बोट ठेवून दाखवा. पहिली, पोहण्याचा पर. बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो, आत मात्र खांदा, दंड, मनगट आणि बोटांची हाडं आहेत, आपल्या हातासारखीच. दुसरी, शेपटी. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते, देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण त्याचा कणा धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा आहे. नावात मासा असला तरी तो मासा नाही, हे एवढ्यावरूनच सिद्ध होतं. तिसरी, बलीन. ब्रायडीच्या किंवा निळ्या देवमाशाला दात नसतात. वरच्या जबड्यातून नखांच्याच द्रव्याच्या पट्ट्या लोंबतात, त्यांच्या आतल्या कडा झिजून केसाळ झालेल्या असतात, जुन्या खराट्याच्या टोकांसारख्या. तोंडभर पाणी घ्यायचं आणि जिभेने ते या पट्ट्यांतून बाहेर ढकलायचं, खाणं आत अडकतं. डब्यात पाणी, त्यात तीळ आणि एक चहाची गाळणी एवढ्यात हा प्रयोग वर्गातच करता येतो, सहलीच्या आधी.

आता बोटीचं. बोट नकोच, असं आमचं म्हणणं नाही. काळीच्या मुखापासून निघणारी सकाळची फेरी सुंदर असते. पण तिथे एक अट सगळं बिघडवते, 'डॉल्फिन दिसले तरच पैसे'. ही अट शाळेला फायद्याची वाटते. तीच तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पाठलाग करायला लावते. पर दिसला की तो इंजिन चढवून थेट त्याच्या अंगावर जातो, शेजारच्या तीन बोटीही तेच करतात आणि कळप मध्ये सापडतो. डॉल्फिन आवाजावर जगतो. स्वतःच्या टकटकीचा प्रतिध्वनी ऐकून तो मासळी शोधतो आणि शिट्ट्यांवर पिल्लाला जवळ ठेवतो. चार इंजिनांच्या घरघरीत त्याला दोन्ही ऐकू येत नाही. तो जास्त वेळ खाली राहतो, दिशा बदलतो, दूर निघतो. म्हणजे पाठलागाने मुलांना डॉल्फिन कमीच दिसतो.

म्हणून ठरवताना पैसे वेळेचे ठरवा. एक तासाची फेरी, दिसो न दिसो, पूर्ण भाडं. तांडेलाशी हे आदल्या संध्याकाळीच, कोंकणीत किंवा मराठीत, शांतपणे बोला. त्यालाही पाठलागात डिझेल जाळायची हौस नसते. त्याला समुद्र आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतो आणि मुलांनी प्रश्न विचारले तर तो मनापासून सांगतो. मग ही बोली करा. कळप दिसला की तीनशे मीटरवरून वेग कमी, माणूस भरभर चालेल इतकाच. डॉल्फिनपासून पन्नास मीटर आणि देवमाशापासून शंभर मीटर याच्या आत जायचं नाही. समोरून किंवा पाठीमागून यायचं नाही, बाजूने समांतर चालायचं. कळपाच्या मधून बोट घालायची नाही. दोन बोटी आधीच असतील तर लांब थांबायचं. इंजिन न्यूट्रलला टाकून पाच मिनिटं थांबायचं. कळप स्वतःहून जवळ आला तर हलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत परत फिरायचं, आणि लहान पिल्लू दिसलं तर लगेच. खाणं टाकायचं नाही, शिट्ट्या मारायच्या नाहीत, पाण्यात हात घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे प्राणी आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. वाघाच्या मागे चार जीपगाड्या धावल्या तर शिक्षक म्हणून आपण मुलांना काय सांगू, एवढंच स्वतःला विचारा.

जीवाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळ कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि सोळा जणांचा जीव गेला. बोटीत प्रमाणाबाहेर माणसं होती. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार विद्यार्थिनी बुडाल्या. दोन्ही घटना याच किनाऱ्यावरच्या आहेत, आणि दोन्ही याच डिसेंबर-जानेवारीच्या, सहलीच्या दिवसांतल्या.

बोटीवर परवान्यातली प्रवासीसंख्या लिहिलेली असते. ती वाचा, मुलं मोजा, शिक्षक मोजा, खलाशीही मोजा. 'लहान मुलं आहेत, दोन जास्त चालतील' हे वाक्य ऐकलं की उतरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पाण्यात जाण्याआधी धक्क्यावरच. ते मापाचं आहे का ते असं तपासायचं. सगळे पट्टे आवळून, दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. मोठ्यांचं जॅकेट तिसरी-चौथीच्या मुलाला घालणं म्हणजे न घालण्यासारखंच, म्हणून पाचवीच्या खालच्या वर्गांना बोटीत नेऊच नका. बोटीत पाच मुलांमागे एक मोठं माणूस, किनाऱ्यावर दहामागे एक. फोटोसाठी सगळी मुलं एका बाजूला धावणार नाहीत यासाठी जागा ठरवून द्या आणि उठायला बंदी करा. लहान बोटी याच कारणाने कलंडतात. पोहायला जाणं आणि समुद्र पाहणं हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. या सहलीत पोहणं ठेवूच नका. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये आणि गटप्रमुखाच्या वहीत लिहिलेले असू द्या.

उलट्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण सगळी सकाळ त्यात जाते. कानाच्या आतला तोल सांगतो की शरीर हलतंय आणि डोळा बोटीच्या फळीकडे पाहून सांगतो की नाही, या भांडणातून मळमळ होते. म्हणून नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइलवर नाही. बसायला बोटीचा मधला-मागचा भाग चांगला, टोकाला हेलकावे जास्त. रिकामं पोट वाईट आणि तेलकट पोट त्याहून वाईट. निघण्याआधी तासभर दोन इडल्या किंवा कोरडी भाकरी पुरे. पुरी-भाजी आणि वडा परत आल्यावर. गोळी द्यायची असेल तर पालकांच्या लेखी संमतीने आणि डॉक्टरांना विचारूनच. डिझेलचा वास ज्यांना लागतो अशा मुलांची नावं घरून आणा.

किनाऱ्यावर मेलेला किंवा अडकलेला प्राणी दिसला तर मुलांना निदान पन्नास मीटर लांब ठेवा. फुगलेल्या मृत देवमाशाच्या पोटात वायू कोंडलेला असतो आणि तो फुटू शकतो. जिवंत असेल तर शेपटीला दोर लावून ओढू नका, सांधे निखळतात. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. अंगावर ओला कपडा, भोक मोकळं, गर्दी दूर, आणि ताबडतोब वन विभागाला कळवा. जमिनीवर आलेला देवमासा पाण्याविना तडफडतो असं मुलांना वाटतं. खरं तर पाण्याचा आधार गेल्यावर तो स्वतःच्याच वजनाखाली दबतो आणि जाड चरबीमुळे आतून तापतो. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर आलं. गावकऱ्यांपासून तटरक्षक दलापर्यंत सगळ्यांनी शर्थ करून ते समुद्रात सोडलं, तरी ते जगलं नाही.

आणखी एक, विशेषतः मोठ्या मुलांच्या शाळांसाठी. वाळूत मेणासारखा करडा गोळा सापडला तर उचलू नका, पिशवीत घालू नका. 'देवमाशाची उलटी' म्हणून ज्याचे लाखोंचे भाव मुलं मोबाइलवर वाचतात, तो अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या (स्क्विडच्या) टणक चोचींभोवती जमतो. तो बाळगणं आणि विकणं आपल्या देशात गुन्हा आहे. सापडलेले बहुतेक गोळे मेणाचे किंवा डांबराचेच निघतात, पण पोलिसांपुढे ते सिद्ध करत बसायची वेळ मुलांवर येऊ नये.

शेवटी नोंदवही. एका पानावर सात रकाने पुरतात: वेळ, घड्याळाची दिशा, अंदाजे अंतर, किती जनावरं, पिल्लू होतं का, कुठल्या दिशेने गेली, जवळ किती बोटी. वरच्या कोपऱ्यात तारीख, तिथी, वारा आणि पाण्यावर फेस होता की नव्हता. काही दिसलं नाही तर 'सात ते दहा, काही नाही' असंच लिहायचं. ही नोंदही तितकीच मोलाची आहे, कारण कुठल्या दिवशी कुठे डॉल्फिन नव्हते हे एरवी कुणी लिहून ठेवत नाही. पाहिलं नाही ते भरून काढायचा मोह मुलांना होतो. 'असावं' आणि 'होतं' हे दोन वेगळे रकाने आहेत असं त्यांना सांगा. एक प्रत शाळेत ठेवा, एक कारवारला वन विभागाच्या कार्यालयात द्या. पुढच्या वर्षी त्याच टेकडीवर, त्याच महिन्यात जाल तेव्हा जुनं पान बरोबर न्या.

सहलीची पत्रकं छापायला जाण्याआधी हे पत्र एकदा शिक्षकांच्या बैठकीत वाचलं जावं, एवढीच विनंती.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि कारवार पट्ट्यातले सागरी जीवांचे काही अभ्यासक